पेट्रोल, डिझेल, थिनरला आग लागली तर : नव्या माणसाने काय करायचं

मुंबईत माहुलच्या बाजूला एका ऑइल टर्मिनलवर, म्हणजे तेलाच्या टाक्यांच्या डेपोत, मी २२ वर्षं काढली, आता रिटायर होऊन पंपावरची पोरं, सोसायट्यांचे वॉचमन, जनरेटर ऑपरेटर, गॅरेजवाले अशांना आग विझवायचं शिकवत फिरतो. कुठल्याही बॅचला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, डिझेल जळतं का रे? सगळे हसतात, काय काका चेष्टा करता. मग मी उघड्या मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये थंड डिझेल ओततो आणि पेटती काडी त्यात टाकतो. काडी फुस्स होऊन विझते. पोरं एकमेकांकडे बघतात. (हा खेळ माझ्याकडे दोन माणसं एक्स्टिंग्विशर, म्हणजे आग विझवायचा सिलेंडर, घेऊन बाजूला उभी असतानाच होतो, तुम्ही गच्चीवर करून बघायचा नाही, आणि पेट्रोलवर तर बापजन्मात नाही.)

तर द्रव जळत नाही, त्याच्यावर उठणारी वाफ जळते. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून मी त्यावर अर्धा तास घालवतो. ज्या तापमानाला काडी लावल्यावर पेट घेईल इतकी वाफ उठायला लागते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा आहे उणे ४० च्या आसपास, म्हणजे मुंबईत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पेट्रोलवर वाफ तयारच असते, फक्त ठिणगीची वाट बघत. थिनरही त्याच पंगतीतलं. रॉकेलचा ३५ अंशांच्या वर, डिझेलचा बहुतेक वेळा त्याच्याही वर. सरकारी नियमात सुद्धा याच हिशोबाने वर्ग पाडलेत, २३ अंशांच्या खाली ए, २३ ते ६५ बी, ६५ ते ९३ सी. पण म्हणून डिझेलला गरीब समजू नका. गरम सायलेन्सरवर सांडलं, पाइपला बारीक भोक पडून फवारा उडाला, किंवा पुसायच्या चिंधीत मुरलं, की तेच डिझेल वातीसारखं पेटतं. जनरेटर रूममधल्या आगी मी बघितल्या त्यातल्या बऱ्याच अशा चिंध्यांनी आणि गळक्या पाइपांनीच लागलेल्या.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा जड. पेट्रोलची तर तीन-चार पट. त्यामुळे ती वर जात नाही, पाण्यासारखी खाली वाहत जाते, गटारात, बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली, लिफ्टच्या खड्ड्यात. तुम्ही पेट्रोल इथे सांडलंय आणि वीस-तीस फुटांवर पानवाल्याकडे कोणी बिडी पेटवतो, आग तिथून पळत तुमच्यापर्यंत येते. जयपूरला सीतापुरा भागातल्या डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला हेच झालं, मोठ्या प्रमाणावर. पेट्रोल तासाभराहून जास्त वेळ गळत राहिलं, वाफेचा ढग पसरत गेला आणि मग एकदम भडका, ११ माणसं गेली आणि टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. आमच्याकडे त्यानंतर सगळ्या व्हॉल्व्हची तपासणी नव्याने सुरू झाली होती, मला चांगलं आठवतंय, आधी ज्या गोष्टीला सुपरवायझर लोक कटकट म्हणायचे तीच सगळे मुकाट करायला लागले.

तिसरी, आणि ही कोणाला पटत नाही. रिकामा डबा भरलेल्यापेक्षा वाईट. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच पेट घेते. भरलेल्या ड्रममध्ये द्रवावरच्या थोड्याशा जागेत वाफ इतकी दाट असते की पेट घ्यायला हवाच कमी पडते. रिकाम्या ड्रममध्ये तळाला पेलाभर राहिलेलं असतं आणि वर हवा, मिक्स अगदी बरोबर जमतं. भंगारवाल्याकडे ड्रम गॅस कटरने कापताना उडतो तो यामुळे.

आता सांडलंय पण अजून पेटलं नाही अशी वेळ असेल तर, हीच वेळ सगळ्यात जास्त वाया जाते कारण आग दिसत नसते. लाइटचं बटण लावायचं पण नाही आणि बंद पण करायचं नाही, दोन्हीत ठिणगी असते. वीज तोडायचीच असेल तर लांबच्या मेन स्विचवरून. कुठलीही गाडी स्टार्ट करायची नाही, ढकलत लांब न्यायची. माणसं वारा जिकडून येतोय त्या बाजूला. वाळू किंवा कोरडी माती टाकून आधी कडेने बांध घालायचा म्हणजे पसरणार नाही, मग मध्ये टाकायची. लाकडाचा भुसा गॅरेजवाले टाकतात, तो शोषतो खरा पण तोच नंतर पेटतो, वाळूच बरी. आणि नळी लावून गटारात धुऊन टाकायचं हे तर सगळ्यांच्या हाताला लागलेलं आहे, ते करू नका, आपल्याकडे गटार रस्त्याखालून कुठून कुठे जातं ते महापालिकेलाच माहीत, तुम्ही तुमची आग शेजारच्या बिल्डिंगखाली पाठवताय.

पेटलं, तर मग क्रम असा.

आधी ओरडा. खरंच ओरडा, "आग, आग". लाजतात लोक. एकट्याने आगीकडे जायचं नाही, दुसरा माणूस पाठीशी हवा, आणि तिसऱ्याने फोन करायचा. १०१ लावा नाहीतर ११२. फोनवर "आग लागलीय लवकर या" एवढ्याने बंबवाल्यांना काही कळत नाही. असं सांगा : बेसमेंटमधल्या जनरेटरला आग, डिझेल आहे, टाकीत अंदाजे इतके लिटर, आत कोणी अडकलंय किंवा नाही, गेट कुठल्या रस्त्यावर उघडतं, जवळची खूण कोणती. "डिझेल आहे" हे दोन शब्द फार महत्त्वाचे, त्यावरून फोम, म्हणजे तेलावर पसरायचा फेस, न्यायचा ते त्यांना समजतं. आणि एक जण गेटवर जाऊन उभा राहू दे, गल्लीत डबल पार्क केलेल्या गाड्या हलवायला. मुंबईत बंब यायला उशीर होतो असं आपण म्हणतो, पण कितीतरी वेळा बंब नाक्यावर आलेला असतो आणि आत घुसायला गाड्यांमुळे जागा नसते.

मग पुरवठा तोडा. हे आग विझवण्याच्या आधी. टर्मिनलवर आम्हाला हेच पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेलं, व्हॉल्व्ह आधी, सिलेंडरमधली पावडर नंतर. पंपावर इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण असतं, ते कुठे आहे हे तुम्ही कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी विचारून घ्या, आणि ते दाबलं की सगळ्या मशीनचा सप्लाय जातो का तेही विचारा. टँकर खाली करताना आग लागली तर टँकरचा व्हॉल्व्ह. जनरेटरला टाकीखालचा कॉक. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटरची नळी. जोपर्यंत तेल येत राहणार तोपर्यंत तुम्ही विझवाल आणि ते पुन्हा पेटेल. हां, पण व्हॉल्व्हच आगीच्या आत असेल तर हात घालून हिरोगिरी करायची नाही, लांबून बंद करायची दुसरी सोय शोधा, नसेल तर मागे.

पंपावरच्या पोरांसाठी एक खास गोष्ट. टाकीत नोझल असताना तोंडाशी भडका उडाला, स्टॅटिकमुळे, म्हणजे घर्षणाने साठलेल्या विजेच्या ठिणगीने, उडतो कधीकधी, तर नोझल बाहेर ओढायचं नाही. हात आपोआप ओढायला जातो. ओढलं की पेटतं पेट्रोल तुमच्या पायावर, गाडीवर, जमिनीवर सांडणार. नोझल तिथेच सोडा, मागे व्हा, इमर्जन्सी स्टॉप दाबा, मग पावडर. टाकीच्या तोंडाशी जळणारी आग त्या मानाने छोटी असते, एका झटक्यात जाते.

पुरवठा तोडलात, आता ठरवा की लढायचं का पळायचं. मी पोरांना सांगतो, मोटारसायकलएवढ्या जागेत आग आहे, बाहेर आहे, वारा तुमच्या पाठीवर आहे, मागे पळायला वाट मोकळी आहे, तर जा. यातलं एक जरी नसेल तर जाऊ नका. खोली धुराने भरली असेल तर दरवाजा उघडून आत डोकावायचं पण नाही, बंद ठेवा आणि बाहेरूनच वीज तोडा. ९ किलोचा सिलेंडर वीस-पंचवीस सेकंदांत संपतो, गाडीतला छोटा तर आठ-दहा सेकंदांत. लोकांना वाटतं पाच-दहा मिनिटं चालेल. नाही चालत. एक सिलेंडर रिकामा झाला आणि आग अजून आहे, तर तुमचं काम संपलं, मागे या.

कुठला सिलेंडर? आपल्याकडे तेलाच्या आगीला बी क्लास म्हणतात, लेबलवर बी लिहिलेलं बघा. पंपावर बहुतेक डीसीपी असतो, म्हणजे कोरड्या पावडरचा, सोसायटीत एबीसी पावडरचा. दोन्ही चालतात. फोमचा असेल तर छानच. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा, बंद जागेत, विजेच्या पॅनेलजवळ चांगला, पण उघड्यावर वाऱ्याने उडून जातो, त्याचं नळकांडं धरायचं नाही, इतकं थंड होतं की हाताची कातडी चिकटते, आणि छोट्या कोंदट खोलीत तो वापरून लगेच बाहेर या कारण तुम्हालाही श्वासाला हवा उरत नाही. पाण्याचा सिलेंडर बी क्लासला नाही. लाल बादलीतली वाळू छोट्या सांडलेल्या आगीला अजूनही झकास काम करते, फक्त त्या बादलीत पानाच्या पिंका आणि सिगारेटची थोटकं नकोत. घरातल्या कढईतल्या तेलाला सिलेंडर लागत नाही, गॅस बंद करून झाकण सरकवत ठेवा, थंड होईपर्यंत उघडू नका.

आता वापरायचं कसं, हे नीट वाचा. उचलायच्या आधी गेजचा, म्हणजे प्रेशर दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा हिरव्यात आहे का बघा. जागेवर जा, तिथे पिन काढा, आधी काढून धावत गेलात तर वाटेतच दाबला जातो, असं बऱ्याचदा झालेलं बघितलंय. पिन काढल्यावर एकदा जराशी दाबून बघा पावडर येते का. आगीपासून सात-आठ फुटांवर उभे राहा, वारा पाठीवर. जवळ गेलात तर पावडरच्या जोराने तेल उडतं, आणि पेटतं तेल उडालं म्हणजे आग तुम्हीच पसरवली. नेम ज्वाळेवर नाही, बुडाला, तेलाच्या कडेला. मग डावीकडून उजवीकडे, झाडू मारतो तसं, पूर्ण रुंदीभर. पुढची कडा विझली की एक पाऊल पुढे, परत झाडू. मध्ये थांबायचं नाही, हँडल सोडायचं नाही. वरून गळत खाली साचलेली आग असेल तर खालचं तळं आधी, मग हळूहळू वर गळतीपर्यंत. सांडलेल्या तेलात पाय टाकून कधीही पुढे जायचं नाही, विझलेलं दिसलं तरी.

दोघं असाल तर दोघांनी एकाच बाजूने, खांद्याला खांदा लावून जा. समोरासमोर उभे राहिलात तर एकमेकांच्या अंगावर आग ढकलता. ट्रेनिंगला हे नेहमी होतं, दोन उत्साही पोरं दोन बाजूंनी घुसतात.

आणि विझल्यावर. इथे मी माझीच फजिती सांगतो. नोकरीला लागून सहा महिने झाले होते, ट्रेनिंग ग्राउंडवर पेट्रोलचा ट्रे मी एका दमात विझवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी वळून साहेबांकडे बघून हसलो. पाठीमागून धप्प असा आवाज आला. ट्रेचा पत्रा तापलेला होता, पावडरने आग तोडली होती पण गार काही केलं नव्हतं, वाफ उठतच होती, पत्र्याला लागून पुन्हा पेटली. नशिबाने हेल्मेट होतं, कानाच्या बाजूचे केस आणि एक भुवई गेली. घरी आईने विचारलं काय झालं तर सांगितलं सलूनवाल्याने चुकून केलं. तिने विश्वास ठेवला नाही.

तर विझलेल्या आगीकडे पाठ करायची नाही. तोंड तिकडेच ठेवून मागे मागे यायचं, हँडलवर हात, दुसरा भरलेला सिलेंडर जवळ. मग सांडलेल्यावर वाळू. आणि किमान अर्धा तास कोणी तिथे उभं राहायचं.

पाण्याबद्दल वेगळं सांगतो कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, तरंगतं. बादली फेकली की पेटतं तेल पाण्यावर बसून सगळीकडे फिरायला निघतं. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी आणि त्यावर जनरेटरच्या टाकीतलं डिझेल पसरलेलं, असं मी एकदा अंधेरीच्या एका बिल्डिंगमध्ये बघितलं, वॉचमन टॉर्च घेऊन त्यात चालत होता आणि मोटर चालू करायच्या विचारात होता. पेटलं नव्हतं म्हणून बरं. उकळत्या किंवा पेटत्या जाड तेलात तर पाणी म्हणजे आत्महत्या, पाण्याची वाफ झाली की ते साधारण १७०० पट फुगतं आणि तेल घेऊन वर उसळतं. क्रूड ऑइलच्या टाकीत तळाला पाणी असेल तर तासन्‌तास जळल्यानंतर अचानक असाच उसळा येतो, त्यामुळे जुनी माणसं टाकी शांत जळतेय म्हणून जवळ जाऊ देत नाहीत.

मग पाणी कशाला? गार करायला. शेजारची टाकी, शेजारचा टँकर, भिंत, तुमच्या पुढे असलेला माणूस, यांच्यावर बारीक फवारा. जवाहर द्वीपावर, आपण बुचर आयलंड म्हणतो ते, ६ ऑक्टोबर २०१७ ला डिझेलच्या टाकीवर वीज पडून आग लागली आणि ती पूर्ण विझायला जवळपास तीन दिवस गेले. आम्ही लांबून धूर बघत होतो. तेवढ्या मोठ्या आगीत एक टाकी वाचवण्यापेक्षा बाजूच्या टाक्या तापू न देणं हेच मुख्य काम असतं, आणि ते पाण्याने होतं.

पेटत्या तेलावर घालायचं ते फोम. फोम म्हणजे पाणी, फोमचं द्रावण आणि हवा, तीन टक्केवाल्या द्रावणाला १०० लिटरमध्ये ३ लिटर द्रावण, ९७ पाणी. तेलावर त्याची गोधडी पसरते, वाफ दाबली जाते, वरून गारही होतं. नव्या माणसाला फोमची नळी मिळाली की तो थेट ज्वाळेच्या मध्यात मारतो, तसं करू नका, फोम तेलात बुडतो आणि तेल ढवळलं जातं. आगीच्या अलीकडे जमिनीवर मारा म्हणजे तो सरकत जाईल, किंवा मागे भिंत असेल तर भिंतीवर मारून खाली ओघळू द्या, नाहीतर उंच मारा आणि पावसासारखा पडू द्या. एकदा गोधडी बसली की त्यातून चालायचं नाही, फाटते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, अल्कोहोल फोममधलं पाणी खेचून घेतं आणि साधा फोम लवकर विरतो, म्हणून पंपावर फोम मागवताना अल्कोहोलला टिकणारा आहे का हे सप्लायरला विचाराच. थिनर आणि सॅनिटायझरच्या गोदामवाल्यांनी तर नक्कीच.

गाडीला आग लागली, हायवेवर दिसतं हे रोज, बोनेटमधून धूर. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, सगळे उतरा, लांब व्हा. बोनेट पूर्ण उघडायचं नाही, हवा मिळाली की भडकतं आणि थेट तोंडावर येतं. लिव्हर ओढून थोडी फट पडली तर त्या फटीतून पावडर मारा, पुढच्या चाकाजवळूनही मारता येते. बंपरच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, काही गाड्यांचे बंपर तापले की आतल्या शॉक ॲबसॉर्बरमुळे उडून येतात. उतारावर गाडी असेल तर उताराच्या खाली उभं राहायचं नाही, तेल तिकडेच येणार. ससून डॉक, भाऊचा धक्का इथल्या बोटवाल्या भाऊंना एकच, इंजिनखालच्या तळात साचलेलं डिझेल आणि पाणी रोजच्या रोज काढा, आणि एक्स्टिंग्विशर इंजिनजवळ नको, आग लागली की तिथेच पोचता येत नाही, वर सुकाणूजवळ टांगा.

कपड्यांबद्दल. पॉलिस्टर, नायलॉन पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. कॉटन घाला, चप्पल नको. अंगावर पेट्रोल सांडलं पण पेटलं नाही तर आधी आगीपासून, स्टोव्हपासून लांब व्हा, कपडे पाण्याने भिजवा, मग काढा, सुके ओढलेत तर स्टॅटिकने ठिणगी पडू शकते. कोणी पेटलं तर त्याला पळू देऊ नका, जमिनीवर पाडा, जाड कॉटनची चादर, गोणपाट, सतरंजी गुंडाळा, गडगडवा. मग भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही, शाई तर अजिबात नाही (अजून लावतात). अंगठी, घड्याळ सुजायच्या आधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, स्वच्छ कपड्याने झाका आणि १०८ लावा. चेहरा भाजला असेल, आवाज बसला असेल, नाकातले केस जळाले असतील तर श्वासनलिका भाजल्याची शंका, बाहेरून बरा दिसला तरी थांबू नका.

सिलेंडरची निगा. बहुतेक जण तो भिंतीला लावून विसरतात. महिन्यातून एकदा गेज बघा, सील बघा, नळी तुंबली नाही ना बघा, झुरळांनी आणि कुंभारीणीने नळीत घरं केलेली मी काढलीयत. पावडर खाली बसून दगड होते, मुंबईच्या दमट हवेत जास्तच, म्हणून महिन्याला एकदा सिलेंडर उलटा धरून बुडाला हाताने दोन-चार थापा मारा, आत पावडर सरकल्याचं कळतं. त्याच्यासमोर खोके, सायकली, गणपतीचा मखर ठेवू नका. सोसायटीवाल्यांनो, महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो, तो नुसता सही करून आलेला कागद नको, माणूस खरंच येऊन प्रत्येक सिलेंडर बघतोय का ते सेक्रेटरीने बरोबर फिरून बघा. एका सोसायटीत मी गेलो तर सातव्या मजल्यावरच्या सिलेंडरला नवीन टॅग लावलेला होता आणि सिलेंडर हातात घेतला तर हलका, पिसासारखा.

आणि नुसतं वाचून हे येत नाही, एकदा तरी हातात घेऊन दाबलेला पाहिजे. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ ला त्याच दिवशी आपल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या आठवणीत. कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. त्या आठवड्यात जवळच्या फायर स्टेशनला अर्ज देऊन डेमो मागा. मुदत संपत आलेले सिलेंडर रिफिलला टाकायच्या आधी त्याच डेमोत पोरांकडून रिकामे करून घ्या, तसेही ते रिकामेच करायचे असतात.

शेवटचं, जे हमखास राहतं. सिलेंडर अर्धा सेकंद जरी दाबला असेल तरी तो परत भिंतीला टांगायचा नाही. वॉशरमध्ये पावडर अडकते, दोन दिवसांत प्रेशर गळून जातं, आणि वरून तो भरलेला वाटतो. आडवा करून ठेवा म्हणजे सगळ्यांना दिसेल की हा वापरलाय, आणि त्याच दिवशी रिफिलला पाठवा. त्या खिळ्यावर तोपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचा एखादा आणून लावा.